आप्पांनी ठोकून पाहिलेली होडी

माझे सासरे कुठलीही वस्तू ठोकून पाहिल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवत नसत. नारळ आणि कलिंगड सगळेच ठोकतात. आप्पा दार ठोकत, टेबल ठोकत, सुपरमार्केटातून आणलेला पावसुद्धा ठोकत. कोविडचं वर्ष नुकतंच सुरू झालं होतं, तेव्हा ते तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्मेरे या डच शहरात आले. आल्या आल्या, अंगातला कोटही न काढता त्यांनी बैठकीच्या खोलीची भिंत मधल्या बोटाच्या पेराने तीनदा ठोकली, कान तिरका करून ऐकलं आणि मुलाला विचारलं, “निखिल, ही भिंत आहे की पुठ्ठा?” इकडच्या नव्या घरांत आतल्या भिंती अशाच असतात, असं निखिल म्हणाला. कोण म्हणालं, असं आप्पांनी विचारलं. घर विकणारा म्हणाला, असं निखिलने सांगितलं.  त्यावर आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. याला एकट्याला घर बघायला कसं पाठवलंस, असा त्या बघण्याचा अर्थ होता.

आप्पांची सगळी नोकरी रेल्वेत गेली. गाडी फलाटावर थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन काही माणसं चाकं ठोकत पुढे जातात. आप्पा आधी तसे ठोकणारे होते आणि नंतर त्या ठोकणाऱ्यांचे साहेब झाले. धड चाक खणखणतं, तडा गेलेलं चाक बद्द वाजतं. बद्द वाजलं की डब्यावर खडूने ‘सिक’ लिहायचं आणि डबा बाजूच्या रुळावर काढायचा. दुरुस्त झाल्यावर पुन्हा तपासून ‘फिट’ द्यायचा आणि कागदावर सही करायची. पस्तीस वर्षं हे काम केल्यावर माणूस घरातल्या माणसांनाही डबे समजायला लागला, तर त्यात नवल नाही.

प्रश्न विचारायची त्यांची एक रीत होती. एकच गोष्ट ते दिवसात तीन वेळा, तीन तऱ्हांनी विचारत. सकाळी, “दूध आजचंच ना?” दुपारी, “काल दूध आणलं होतंस का?” संध्याकाळी सहज गप्पा मारल्यासारखं, “इथे दूध रोज ताजं मिळत नसेल, नाही?” मग तिन्ही उत्तरं मनात जुळवून पाहत. माझ्या लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि त्या आठ वर्षांत माझा एकही शब्द त्यांनी पहिल्या फटक्यात खरा मानला नव्हता. मला त्यांच्याकडून ना कौतुक हवं होतं ना दागिने. मी एखादी गोष्ट सांगावी आणि त्यांनी ती एकदा ऐकून खरी धरावी, एवढंच मला हवं होतं. आपल्याला घरात खोटं समजलं जातं, या विचाराने माझा जीव आतल्या आत चिडत असे.

खरं सांगायचं तर संशय एकतर्फी नव्हता. नाशिकला राहणाऱ्या माझ्या दिरांशी, सुनीलभाऊजींशी ते फोनवर बोलत आणि मी खोलीत शिरले की आवाज खाली आणत. मला खात्री होती की विषय मीच आहे. निखिलने हा देश सोडून परत यावं असं त्यांच्या मनात आहे आणि मी त्यात खोडा घालते असं त्यांना वाटतं, असा माझा हिशेब होता. त्यामुळे तेही माझ्यावर डोळा ठेवून आणि मीही त्यांच्यावर, असं आमचं गोडीगुलाबीने चाललं होतं.

मार्चमध्ये सगळं बंद झालं. विमानं थांबली. आप्पांच्या व्हिसाची मुदत वाढवल्याचं पत्र आलं, ते त्यांनी खिडकीशी नेऊन उजेडात धरून पाहिलं. समोरच्या घरांना पडदे का नाहीत, हा त्यांचा रोजचा प्रश्न होता. इथले लोक पडदे ओढत नाहीत, आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही असं त्यातून दाखवायचं असतं, असं मी सांगितलं. “एवढं दाखवावं लागतं म्हणजे काहीतरी आहे,” असं म्हणून ते खुर्ची मागे सरकवून बसले. समोरची बाई खोकली की आमची खिडकी बंद होई.

निखिलचं ऑफिस आता घरातच वरच्या खोलीत आलं होतं आणि तो सकाळी नऊला आत जाऊन सहाला बाहेर येई. मी नवऱ्याच्या व्हिसावर इथे आलेली. चार वर्षं घरी बसून, भाषा शिकून, एका शाळेत दुपारच्या डब्याच्या वेळी मुलं सांभाळायचं काम मिळवलं होतं. शाळा बंद झाल्या तसं तेही गेलं. खाली उरलो आम्ही दोघं, मी आणि आप्पा.

आमच्या घरामागे पाणी आहे. मी मूळची सोलापूरची. तिथल्या माणसाच्या परसात कालवा वाहत असेल तर त्याला ती श्रीमंतीच वाटते. सहा वर्षं मी स्वयंपाकघरातून शेजाऱ्यांच्या होड्या जाताना पाहत होते. एप्रिलच्या शेवटी जुन्या वस्तूंच्या एका संकेतस्थळावर मला एक होडी दिसली. बदकांच्या शिकारीची जुनी होडी, लाकडी, वरून फायबरग्लास चढवलेली, दुरुस्तीची हौस असणाऱ्यास फुकट. मी उभ्या जन्मात भिंतीत खिळासुद्धा सरळ ठोकला नव्हता. तरी लिहून टाकलं की मला हवी आहे.

होडीचे मालक खेरित नावाचे, ऐंशीच्या घरातले शिकारी. त्यांनी गाडीमागे जोडून ती स्वतःच आणून दिली आणि चार हात लांब उभं राहून मला डच भाषेत सगळं सांगितलं. मागची फळी कुजली आहे. तळातही कुठेतरी कुजकं असेल. पंचवीस वर्षांपूर्वी मीच ओल्या लाकडावर फायबरग्लास चढवलं, ती माझी चूक होती. काम पुष्कळ आहे. माझे गुडघे गेले, आणि ती फोडून टाकायला हात धजत नाही. आप्पा तेवढ्यात तोंडाला रुमाल बांधून बाहेर आले. हातात माझ्या खलबत्त्यातला पितळी बत्ता होता. त्यांनी होडीभोवती एक फेरी मारून ती जागोजागी ठोकली आणि खेरितना इंग्रजीत विचारलं की फुकट का. खेरित म्हणाले, सांगितलं ना आत्ताच. ते गेल्यावर मी त्यांचं सगळं बोलणं मराठीत सांगितलं, तर आप्पा म्हणाले, “जो माणूस आपणहून दोन दोष सांगतो, त्याने तिसरा लपवलेला असतो.”

होडी दिसायला देखणी नव्हती. सपाट तळाची, बुटकी, सुकलेल्या गवताच्या रंगाची. शिकारी तिच्या पुढच्या अर्ध्या छपराखाली पालथा पडून राहायचा, म्हणजे बदकांना दिसायचा नाही. आतल्या फळ्या उचलल्यावर खाली काही पिसं आणि एक रिकामं काडतूस निघालं. आप्पांनी ते काडतूस कागदात गुंडाळून कपाटावर ठेवलं. उद्या पोलीस आले तर आपण काही दडवलं नाही हे दिसलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं.

काम काय आहे ते मला हळूहळू कळत गेलं. लाकडावर काचेचं कापड पसरून त्याला राळ पाजतात आणि ती वाळून कडक कवच होतं. कवच शाबूत असेल तोवर ठीक. त्याला एक चीर गेली की पाणी आत शिरतं, पण बाहेर यायला वाट नसते. मग वरून होडी चकचकीत आणि आतून लाकडाचा लगदा. हे मी आप्पांना मोठ्या उत्साहाने समजावून सांगितलं. ते म्हणाले, “मग आवाजावर जा. डोळ्यांवर जाऊ नको.” मी शाळेतून आणलेल्या रंगीत खडूंचा डबा त्यांनी मागून घेतला आणि एक अख्खी दुपार होडी ठोकत, जिथे बद्द वाजेल तिथे गोल काढत बसले. अकरा गोल निघाले. त्यातले निम्मे गोल लाकडासाठी नसून माझी खोड मोडण्यासाठी आहेत, असं मी निखिलला सांगितलं. निखिल म्हणाला की त्याची मीटिंग आहे.

कुजक्या जागेचं कवच कापून काढलं, भुसा झालेलं लाकूड खरवडलं आणि आता ते वाळायला हवं होतं. पावसाचा भरवसा नाही, म्हणून रोज संध्याकाळी मी होडी ताडपत्रीत आवळून बांधत असे. आमच्याकडे मृगाच्या आधी कडब्याची गंज बांधतात तशी, चहूबाजूंनी, फट न ठेवता. आणि रोज सकाळी दोन्ही टोकांच्या गाठी सुटलेल्या असत. तीन दिवस मी वाऱ्याला दोष दिला. चौथ्या दिवशी पहाटे उठून खिडकीत उभी राहिले, तर आप्पा शाल पांघरून गाठी सोडत होते. माझं डोकंच फिरलं. पायात चपलाही न घालता खाली गेले. माझ्या होडीत पाऊस शिरावा म्हणून तुम्ही हे करता का, असं मी त्यांना तोंडावर विचारलं. त्यांनी माझा हात धरून ताडपत्रीच्या आतल्या बाजूवर टेकवला. तळवा ओला झाला. “डबा बंद केला की आत घाम येतो,” ते म्हणाले. “तू त्याला रात्रभर पाण्यात ठेवत होतीस.” मग त्यांनी टोकाखाली दोन विटा लावून वारा आरपार जाईल अशी वाट केली. इतके दिवस मी जे वाळवत होते असं समजत होते, ते खरं तर भिजवत होते. तरीही, हे दिवसा सांगायला काय झालं होतं, हा माझा राग होताच. मी सांगून तू ऐकलं असतंस का, असं त्यांनी विचारलं नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावर ते लिहिलेलं होतं.

जूनमध्ये ऊन पडायला लागलं आणि मला घाई झाली. आल्मेरेतल्या आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटावर मी ऐटीत लिहून बसले होते की महिनाअखेरीला होडी पाण्यात. आप्पांनी सांगितलं होतं की लाकूड सलग तीन आठवडे कोरडं राहिल्याशिवाय त्यावर काही चढवू नको. त्यांना तसं कुणी शिकवलं नव्हतं, खेरितनी आपली चूक सांगितली होती ती त्यांनी लक्षात ठेवली होती. दोन आठवडे मी नीट पाळले. मग एका संध्याकाळी आप्पा लवकर झोपले, मी मैत्रिणीशी फोनवर बोलत बसले आणि ताडपत्री घालायची राहून गेली. रात्री सर आली. सकाळी ते उठायच्या आत मी जुन्या टॉवेलांनी सगळं टिपून घेतलं. पुढे चार दिवस कडक ऊन होतं. वरून लाकूड कोरडं ठणठणीत दिसायला लागलं.

पाचव्या दिवशी मी राळ कालवायला घेतली तेव्हा आप्पा शेजारी येऊन उभे राहिले. “मध्ये भिजली नव्हती ना?”

“नाही आप्पा.”

दुपारी जेवताना त्यांनी विचारलं की गेल्या आठवड्यात पाऊस झाला त्या रात्री ताडपत्री होती ना. होती, मी म्हणाले. संध्याकाळी टॉवेल एवढे का धुतलेस, असं विचारलं. पुसायला घेतले होते, मी म्हणाले, आणि ते एका अर्थाने खरंच होतं. त्यानंतर त्यांनी काही विचारलं नाही. माझा जीव भांड्यात पडला. म्हातारा अखेर गप्प बसला, असं मी मनात म्हटलंसुद्धा.

काम सुरेख झालं होतं. राळ वाळल्यावर तळ आरशासारखा चमकायला लागला. मी फोटो काढून गटावर टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चमकत्या तळावर, बरोबर मधोमध, खडूचा एक पांढरा गोल होता. मी ओल्या फडक्याने पुसला. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा होता. मी पुसला. असं आठ-दहा दिवस चाललं. दोघंही त्याबद्दल एक अक्षर बोलत नव्हतो. चहा, जेवण, बातम्या, औषधाच्या गोळ्या सगळं रीतसर. त्या दिवसांत निखिलने एकदा विचारलं की तुमच्या दोघांत काही झालंय का, तर आम्ही दोघांनीही एका सुरात नाही म्हणून सांगितलं.

मधल्या काळात भारतात जाणारी खास विमानं सुरू झाली होती. जुलैत आप्पांना एका विमानात जागा मिळत होती. ते नको म्हणाले. विमानात सगळे जवळजवळ बसतात, कोण कुठून आलंय कळत नाही, असं कारण दिलं. माझ्यावर पाळत ठेवायला मागे राहिले, असं मी धरून चालले.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात उष्णतेची लाट आली आणि त्या आरशाला फोड आले. आधी एक, सुपारीएवढा, मग शेजारी शेजारी पाच-सहा. आत कोंडलेलं पाणी उन्हाने वर यायला बघत होतं. मी एका फोडावर सुरी टोचली तर आतून आंबूस वासाचं पाणी आलं. फोड कुठे होते हे वेगळं सांगायला नको. मी तिथेच गवतावर बसून रडले. लाकडासाठी थोडं आणि लाजेने जास्त.

आप्पा बाहेर आले. पाहिलं. मला वाटलं, आता ऐकवतील. ते घरातून खुर्ची घेऊन आले, माझ्यापासून जरा अंतरावर बसले आणि एक गोष्ट सांगायला लागले. त्यांच्या हाताखाली एक पोरगेला तपासनीस होता, मित्राचाच मुलगा. एकदा पावसात त्याने डब्याखाली वाकून न बघताच फिट लिहिला. आप्पांनी त्याला विचारलं, पाहिलंस का. तो पाहिलं म्हणाला. आप्पांनी सही केली. पुढच्या स्टेशनच्या आत डब्याखालची ब्रेकची दांडी निखळून पडली आणि रुळावर काम करणाऱ्या एका मजुराचा पाय गेला. “तेव्हापासून मी तीनदा विचारतो,” आप्पा म्हणाले. “तुला राग येतो, मला कळतं ते. तुझ्या सासूलाही यायचा, होती तोवर.”

 मग ते म्हणाले, “लाकूड ओलं होतं याचं मला काही नाही, वृषाली. लाकूड पुन्हा वाळेल. तू नाही म्हणालीस, त्याचं मला आहे.”

मला सासुरवास म्हणतात तसा काही झालेला नाही, आणि त्या दिवशीही ते आवाज न चढवता बोलले. पण एवढं लागलेलं वाक्य मला दुसऱ्या कुणी ऐकवलेलं नाही. आठ वर्षं मी रागावत होते की हा माणूस माझं खरं मानत नाही. ज्या एका वेळी त्यांनी तीनदा विचारून शेवटी मानायचं ठरवलं असतं, त्या वेळी मी तिन्ही वेळा खोटं बोलले होते. मी कबूल केलं. ताडपत्री, फोन, टॉवेल, सगळं. ते म्हणाले, टॉवेलांचं कळलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघांनी मिळून काम धरलं. मी सगळं कवच घासून काढलं आणि ते खुर्चीत बसून ठोकत राहिले. लाकूड वाळायला पाच आठवडे ठेवलं. या खेपेला भिजलं की मी सकाळी आपणहून सांगत असे आणि ते भिंतीवर खडूने दिवसांच्या रेघा पुन्हा पहिल्यापासून मारायला लागत. घाई केली की म्हणत, “घाई कुणाला आहे? चाकाला नाही, रुळाला नाही, घाई फक्त स्टेशनमास्तरला असते.” खेरितना मी काम कसं चाललंय याचे फोटो पाठवत होते. आप्पांनी एकदा मला निरोप लिहायला लावला की तुम्ही जे दोष सांगितले तेवढेच निघाले, एकही जास्त निघाला नाही. मी म्हटलं, एवढं कशाला कळवायचं. “मी त्या माणसावर आळ घेतला होता,” ते म्हणाले. “त्याला माहीत नसेल, पण मला आहे.”

ऑक्टोबरच्या सुरुवातीला होडी तयार झाली. निखिलने सुट्टी घेतली. मला वाटलं होतं की पहिल्यांदा मी आणि तो जाऊ. आप्पा लाइफजॅकेट चढवून, गळ्याला मफलर गुंडाळून काठावर हजर झाले. त्यांना पोहता येत नव्हतं. नदी ओलांडायची असली तरी पुलावर मधोमध चालणारा माणूस. निखिल त्यांना अडवायला लागला तर म्हणाले, “फिट मी दिला. पहिल्या फेरीत फिट देणारा बसतो.” रेल्वेत असा नियम आहे का, ते मला माहीत नाही. मी विचारलंही नाही.

ते पाऊल टाकणार एवढ्यात मला राहवलं नाही. मी सांगितलं, “आप्पा, मागे पाणी काढून टाकायचं बूच आहे ना, त्यापाशी कदाचित झिरपेल. मी घट्ट केलंय, पण मला खात्री नाही.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “खात्री नाही म्हणालीस ना,” ते म्हणाले, “मग बसतो.” आणि बसले. अर्धा तास आम्ही कालव्यातून गेलो. मी वल्ही मारत होते. आप्पांनी एका हाताने कड धरली होती आणि दुसरा तळवा सबंध वेळ तळावर टेकवलेला. बुचापाशी वाटीभर पाणी आलं. त्यांनी ते रुमालाने टिपलं, पिळलं, पुन्हा टिपलं. पुलाखालून जाताना बदकांचा एक थवा अगदी जवळून गेला, तेव्हा ते पहिल्यांदा मान वर करून हसले. आमच्याकडे आल्यापासून त्यांना असं मोकळं हसताना मी पाहिलं नव्हतं.

नोव्हेंबरात ते भारतात परत गेले. विमानतळावरून परतताना निखिल म्हणाला की जुलैतलं तिकीट आप्पांनी होडीसाठी सोडलं होतं. फोड येणार हे त्यांना माहीत होतं आणि ते येतील तेव्हा वृषाली एकटी असायला नको, असं त्यांनी भाऊजींना फोनवर सांगितलं होतं. त्या दिवसांत आवाज खाली आणून व्हायचं ते बोलणं हेच. 

पुढच्या एप्रिलमध्ये नाशिकला त्यांना कोविड झाला. आम्हाला जाता येईना. भाऊजींनी धावाधाव करून खाट मिळवली, पण त्यांनाही दाराच्या आत सोडत नव्हते. वॉर्डातल्या एक सिस्टर दुपारी आपल्या फोनवरून आम्हाला आप्पा दाखवत. डॉक्टरांनी भाऊजींना सांगितलं होतं की फार आशा धरू नका. निखिल आणि भाऊजी या दोघांनी ठरवलं की आप्पांना यातलं काही कळू द्यायचं नाही. मीही हो म्हटलं होतं. दोन दिवस निखिल त्यांना सांगत होता की रिपोर्ट चांगले आहेत, रविवारी घरी सोडतील. आप्पा मास्कमधून त्याला तेच तेच वेगवेगळ्या तऱ्हेने विचारत आणि निखिल तेच तेच उत्तर देई.

तिसऱ्या दिवशी ते निखिलला म्हणाले, फोन तिच्याकडे दे. निखिलने दिला आणि टेबलापलीकडून मला मान हलवून बजावलं.

“वृषाली, काय म्हणतात डॉक्टर? तू सांग.”

मी निखिलकडे पाहिलं. त्याचे डोळे भरून आले होते. मग मी आप्पांकडे पाहिलं आणि सांगितलं. “ऑक्सिजन वाढवलाय, तरी कमी पडतोय आप्पा. फार आशा धरू नका म्हणाले. नक्की काय होईल हे त्यांनाही माहीत नाही.”

निखिलने माझ्या हातातून फोन घ्यायला हात पुढे केला, अर्ध्यावर थांबवला आणि तोंड फिरवलं. आप्पांनी डोळे मिटले, उघडले. एकेका शब्दाला थांबत म्हणाले, “बरं झालं सांगितलंस. दोन दिवस सगळे गोड बोलतायत, मला वाटलं माझंच डोकं बिघडलं.” मग त्यांनी फोन निखिलला द्यायला सांगितला. सुनील दारात उभा राहतो, त्याला घरी पाठव, त्याला लागण होईल, असं त्याला सांगितलं. त्याच्या आईबद्दल काहीतरी बोलले. ते निखिलने मला अजून सांगितलेलं नाही. मग थकले आणि झोपले. ते गेले त्यानंतर दोन दिवसांनी.

निखिल महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलत होता. भाऊजी तर अजून बोलत नाहीत. मी आप्पांचा धीर खचवला, नाहीतर ते आणखी झुंजले असते, असं ते सगळ्यांना सांगतात. तसं असेलही. कितीदा वाटतं की रविवारी घरी सोडतील असं मीही म्हणायला हवं होतं. पण भाऊजींना आत सोडलं नव्हतं, आणि निखिलने त्या क्षणी तोंड फिरवलं होतं. खरं ऐकल्यावर आप्पांचा चेहरा कसा झाला, ते फक्त मी पाहिलं.